निळा रंग आणि रक्तांतील लोह

बारामती आणि इंदापूर ह्या दोन तालुक्यांत उसाच्या जोडीनें दुधाचा धंदाहि मोठा आहे. गांवोगांवचें दूध शीतकरण केंद्रावर येऊन पोहोंचलें म्हणजे त्याच्या ज्या परीक्षा घेतां येतात त्यांतली एक रंगाची आहे. दहा मिलिलिटर दूध कांचेच्या नळींत घेऊन त्यांत एक मिलिलिटर निळें पाणी घालतात, नळीला बूच लावतात आणि ती सदतीस अंश उष्णतेच्या पाण्यांत उभी करून ठेवतात. दूध आकाशी दिसूं लागतें. मग घड्याळाकडे पाहत राहावयाचें. हा निळा रंग पांच तास किंवा त्याहून अधिक टिकला तर दूध फार चांगलें. अर्ध्या तासाच्या आंतच उडाला तर तें जंतूंनीं भरलेलें आहे असें समजावयाचें. प्रयोगशाळेंतील लोक ह्या परीक्षेला एम. बी. आर. टी. म्हणतात. त्यांतील एम. बी. म्हणजे मिथिलिन ब्लू.

रंग उडाला म्हणजे तो नाहींसा झाला असें मात्र नव्हे. नळीचें बूच काढून ती जोरानें हालविली तर पांढरें पडलेलें दूध पुन्हां निळसर होऊं लागतें. ह्यांतील मर्म एका देवघेवीचें आहे. अणूंच्या भोंवतीं इलेक्ट्रॉन नांवाचे ऋणविद्युत्कण असतात आणि कितीतरी रासायनिक क्रिया म्हणजे हे कण एका द्रव्याकडून दुसऱ्याकडे जाणें, एवढेंच असतें. मिथिलिन ब्लूच्या रेणूला दोन इलेक्ट्रॉन मिळाले कीं तो बिनरंगी होतो. हवेंतील प्राणवायूनें ते काढून घेतले कीं पुन्हां निळा. दुधांतील जंतु आधीं दुधांत विरघळलेला प्राणवायु संपवितात आणि मग आपल्याजवळचे इलेक्ट्रॉन रंगाला देतात. जंतु जितके अधिक तितका रंग लौकर उडतो. महाविद्यालयांतून हाच खेळ द्राक्षशर्करा आणि दाहक सोडा बाटलींत घालून दाखवितात: बाटली हालविली कीं निळी, ठेवून दिली कीं पाण्यासारखी.

एका हातानें घ्यावें, दुसऱ्या हातानें द्यावें आणि स्वतःजवळ कांहीं ठेवूं नये, असा हा दलालाचा स्वभाव आहे. आणि त्याच स्वभावाच्या बळावर हा रंग दुधाच्या नळींतून माणसाच्या शिरेपर्यंत जाऊन पोहोंचला. रक्तांतील लोह बिघडून रोगी काळानिळा पडला असतां त्याला जें औषध टोंचतात तें हेंच. निळ्या पडलेल्या माणसास निळा रंग टोंचावा हें ऐकणाऱ्यास थट्टेसारखें वाटतें. पण बहुधा तासाभराच्या आंत रोग्याचे ओंठ पुन्हां गुलाबी होतात.

हा रंग मूळचा कापडासाठीं केलेला. जर्मनींतील बी. ए. एस. एफ. ह्या कारखान्यांत हाइन्रिख कारो ह्या रसायनशास्त्रज्ञानें तो १८७६ मध्यें तयार केला. पुढें पाउल एर्लिख ह्यानें हा रंग सजीव पेशींना निवडून चिकटतो हें हेरलें आणि १८९१ मध्यें गुटमान ह्या सहकाऱ्याबरोबर बर्लिन येथें हिवतापाच्या दोन रोग्यांना तो पोटांत दिला. कृत्रिम रीतीनें बनविलेलें द्रव्य रोगाच्या जंतूवर चालवून पाहण्याच्या आरंभींच्या प्रयत्नांपैकीं हा एक होय. रक्ताच्या लोहाशीं त्याची गांठ पडली ती १९३० नंतरच्या दशकांत, अनिलिनसारख्या विषांनीं निळे पडलेले रोगी अमेरिकेंतील डॉक्टरांनीं ह्या रंगानें सुधारलेले पाहिले तेव्हां. अनिलिन हें ह्याच रंगधंद्यांतलें कच्चें द्रव्य. तेव्हां विष आणि उतारा हीं दोन्ही एकाच घराण्यांतलीं निघालीं म्हणावयाचीं.

रक्तांतील लोह बिघडतें म्हणजे काय होतें, तें आतां पाहावयाचें. प्रौढ माणसाच्या सबंध शरीरांत लोह अवघें तीन-चार ग्रॅम असतें. त्यांतलें सुमारें दोन-तृतीयांश तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिन ह्या द्रव्यांत असतें. हिमोग्लोबिनच्या प्रत्येक रेणूंत लोहाचे चार अणु असतात आणि एकेक अणु प्राणवायूचा एकेक रेणु उचलतो. लोहाच्या अणूची येथें दोन रूपें संभवतात. फेरस रूपांत तो प्राणवायु उचलूं शकतो. त्यांतील एक इलेक्ट्रॉन गेला कीं तो फेरिक होतो आणि मग त्याला प्राणवायु उचलतां येत नाहीं. विळी किंवा तवा ओला राहिला कीं त्यावर जो गंज चढतो त्यांतील लोह ह्या फेरिक रूपाचें असतें. नवल हें कीं, तांबड्या पेशींतील लोह जन्मभर पाण्यांत बुडालेलें आणि प्राणवायूला बिलगलेलें असूनहि गंजत नाहीं. हिमोग्लोबिनचें प्रथिन त्याला अशा एका खोबणींत बसवून ठेवतें कीं प्राणवायु यावा, बसावा आणि इलेक्ट्रॉन न घेतां निघून जावा.

हा बंदोबस्त चोख असला तरी पुरा नाहीं. रोज हिमोग्लोबिनचा सुमारें एक ते तीन टक्के भाग आपोआपच फेरिक बनतो. ह्या बिघडलेल्या रूपाला मेथेमोग्लोबिन म्हणतात. पेशींतील एक विकर गेलेला इलेक्ट्रॉन परत देऊन तें दुरुस्त करीत असतें आणि म्हणून निरोगी माणसाच्या रक्तांत मेथेमोग्लोबिन एक टक्क्याच्या वर जात नाहीं. बिघडण्याचा वेग दुरुस्तीच्या वेगापुढें गेला म्हणजे मात्र संकट उभें राहतें.

त्या संकटाला पांडुरोगाचाच एक प्रकार समजण्याची चूक होऊं नये. गळिताच्या हंगामांत साखर कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या गाड्यांचें उदाहरण येथें उपयोगी पडेल. पांडुरोगांत गाड्याच थोड्या असतात; पण ज्या असतात त्या भरून जातात आणि कारखान्यावर रिकाम्या होतात. मेथेमोग्लोबिन वाढलें म्हणजे गाड्यांची संख्या तीच असते, परंतु कांहीं गाड्या भरतच नाहींत आणि त्यांच्या शेजारच्या भरलेल्या गाड्या कारखान्यावर जाऊनहि माल उतरूं देत नाहींत. रेणूंतल्या चारपैकीं एक-दोन लोहाणु फेरिक झाले कीं उरलेले प्राणवायूला अधिक घट्ट धरून ठेवतात. म्हणूनच चाळीस टक्के हिमोग्लोबिन नसणें जितकें वाईट, त्याहून चाळीस टक्के बिघडलेलें असणें अधिक वाईट.

बिघडविणारीं द्रव्यें कोठून येतात ह्याचा शोध घेऊं लागलें म्हणजे नीरेच्या कालव्यावर यावें लागतें. मिथिलिन ब्लू जन्मास आला त्याच १८७६ मध्यें दख्खनमध्यें मोठा दुष्काळ सुरू झाला होता. अशा अवर्षणांतून हा टापू सोडवावा म्हणून जीं कामें झालीं त्यांपैकीं नीरा डावा कालवा हें एक. १८८५ च्या सुमारास भाटघरच्या जलाशयाचें पाणी त्यांतून बारामती आणि इंदापूरच्या कोरडवाहू रानांत खेळूं लागलें. पाण्याबरोबर ऊस आला. पुढें वालचंदनगर उभें राहिलें, आणि स्वातंत्र्यानंतर माळेगांव, सोमेश्वर, भवानीनगर येथें सहकारी कारखाने निघाले. पाण्यानें वैभव आणलें तसें कांहीं नकोसेंहि आणलें. जास्त पाण्यानें जमिनी चोपण होऊं लागल्याची तक्रार इतकी जुनी आहे कीं मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यांतील हॅरोल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हणे ह्यांनीं नीरा खोऱ्यांतील खारवट जमिनींवर १९१० मध्येंच एक पुस्तिका प्रसिद्ध केली होती. तेव्हांची काळजी जमिनीवर दिसणाऱ्या पांढऱ्या खाराची होती. न दिसणाऱ्या खाराची काळजी नंतरची आहे.

आडसाली उसाला हेक्टरीं ४०० किलो नत्र द्यावें अशी राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाची शिफारस आहे. तें सारें युरियांतून द्यावयाचें म्हटलें तर एकरीं सुमारें ३५० किलो युरिया, म्हणजे ४५ किलोचीं जवळजवळ आठ पोतीं होतात. शिफारशीपलीकडे हात सैल सोडणारे बागाईतदार असतातच. पिकानें न उचललेल्या युरियाचें जमिनींतील जंतु शेवटीं नायट्रेट करतात. नायट्रेट पाण्यांत सहज विरघळतें आणि मातीचे कण त्याला धरून ठेवीत नाहींत, त्यामुळें पाटपाण्याबरोबर तें खालीं झिरपतें आणि विहिरींत व कूपनलिकेंत उतरतें. विहिरीलगतचे उकिरडे आणि शोषखड्डे त्यांत भर घालतात. भारतीय मानकाप्रमाणें पिण्याच्या पाण्यांत लिटरमागें ४५ मिलिग्रॅमहून अधिक नायट्रेट असतां कामा नये. पुणे जिल्ह्याच्या कांहीं भागांतील भूजलांत ही मर्यादा ओलांडली गेल्याचें केंद्रीय भूजल मंडळाच्या तपासण्यांत आढळलें आहे. अशा पाण्याला रंग नाहीं, वास नाहीं. तें नितळ असतें, आणि म्हणूनच घरांतल्यांचा त्यावर विश्वास असतो.

मोठ्या माणसांना हें पाणी ह्या बाबतींत सहसा बाधत नाहीं. धोका आहे तो चार-सहा महिन्यांच्या आंतील बाळांना, आणि तोहि वरचें दूध पाण्यांत कालवून पाजलें जात असेल तेव्हां. अमेरिकेंतील आयोवा प्रांतांत हंटर कॉम्ली ह्या डॉक्टरांनीं शेतावरच्या विहिरींचें पाणी पिऊन निळीं पडलेलीं तान्हीं मुलें पाहिलीं आणि १९४५ मध्यें त्यांची हकीकत प्रसिद्ध केली. पुढें १९५१ पर्यंत त्या देशांत अशीं २७८ उदाहरणें गोळा झालीं; त्यांतील ३९ बालकें दगावलीं होतीं. पाण्यांतील नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या खालीं असतां असा प्रकार त्या यादींत आढळला नाहीं, आणि त्या आंकड्याचा उगम येथें आहे.

तान्ह्या बाळावरच हा घाला कां पडावा? त्याच्या पोटांत आम्ल कमी असतें. त्यामुळें तेथें जंतु वाढतात आणि निरुपद्रवी नायट्रेटचें नायट्राइट करतात. नायट्राइट रक्तांत शिरून लोहाचा इलेक्ट्रॉन हिरावून घेतें. दुरुस्ती करणाऱ्या विकराचें बळ ह्या वयांत मोठ्या माणसाच्या निम्म्याच्या आसपास असतें. शिवाय वजनाच्या मानानें बाळ पाणीहि पुष्कळ पितें. बाळाला हगवण लागली असेल तर आंतड्याच्या दाहानेंहि मेथेमोग्लोबिन वाढतें. ह्या दुखण्यांत पाण्याचा वांटा किती आणि हगवणीचा किती, ह्याविषयीं शास्त्रज्ञांत एकमत नाहीं. पण दोन्ही एकत्र आलीं तर काय होईल हें सांगावयास शास्त्रज्ञ नकोत.

येथें एका अतिशय चांगल्या संवयीचा उलटा परिणाम होतो. सुशिक्षित घरांत बाळाचें पाणी उकळून घेतात. जंतूंसाठीं तें योग्यच. पण उकळल्यानें नायट्रेट उडून जात नाहीं, पाणी तेवढें उडतें. ४५ मिलिग्रॅम नायट्रेट असलेलें एक लिटर पाणी पाऊण लिटर होईपर्यंत आटविलें तर त्याचें प्रमाण लिटरला ६० मिलिग्रॅम होतें. तुरटीनें, ब्लीचिंग पावडरीनें किंवा साध्या गाळणीनेंहि तें निघत नाहीं, आर. ओ. यंत्रानें बरेंचसें निघतें. आईनें तेंच पाणी प्यालें तरी अंगावरच्या दुधांत नायट्रेट फारसें उतरत नाहीं. तेव्हां ह्या बाबतींत सर्वांत सुरक्षित पेय आईजवळ आहे. शेतावरच्या बंगल्यांत किंवा गांवाकडच्या घरीं बाळंतीण जाणार असेल आणि वरचें दूध द्यावें लागणार असेल, तर तेथील विहिरीच्या पाण्याचा नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेंत आधींच तपासून घ्यावा.

नायट्रेट हें एकटेंच कारण नव्हे. कुष्ठरोगावरील डॅपसोन ह्या उपयुक्त गोळीनें कांहीं रोग्यांत मेथेमोग्लोबिन वाढतें. फुलोरा वाढावा म्हणून पिकांवर फवारण्यासाठीं विकत मिळणाऱ्या कांहीं औषधांत नायट्रोबेंझिन असतें; तें पोटांत गेलें किंवा कातडींतून फार शोषलें गेलें तर माणूस कांहीं तासांत काळानिळा पडतो. बारामती-इंदापूरकडे द्राक्षें आणि डाळिंबें करणाऱ्यांच्या घरांत अशा बाटल्या असणें स्वाभाविक आहे. त्या पाण्याच्या बाटल्यांशेजारीं ठेवणें हें मात्र स्वाभाविक मानूं नये. अपघात झालाच तर रोग्याबरोबर बाटलीहि दवाखान्यांत न्यावी. तिच्यावरचें नांव वाचून डॉक्टरांचा अर्धा तास वांचतो.

ओळखण्याची खूण सोपी आहे. फुप्फुसाच्या किंवा हृदयाच्या विकारानें निळ्या पडलेल्या रोग्याला प्राणवायु दिला कीं बहुधा कांहींतरी फरक दिसतो. मेथेमोग्लोबिनमुळें निळ्या पडलेल्याला कितीहि प्राणवायु दिला तरी रंग पालटत नाहीं. त्याचें रक्त चॉकलेटच्या रंगाचें असतें. त्याचा थेंब पांढऱ्या टिपकागदावर टाकून हवेंत ठेवला तर निरोगी रक्त लाल होतें आणि हें तपकिरीच राहतें. मेथेमोग्लोबिन दहा-पंधरा टक्क्यांवर गेलें कीं ओंठ-नखें निळसर दिसतात. त्यापुढें डोकेदुखी, धाप आणि ग्लानि येते. सत्तर टक्क्यांपलीकडे जीव वांचणें कठीण.

आतां त्या निळ्या दलालाचें काम कळूं शकेल. तांबड्या पेशींत इलेक्ट्रॉनचा आणखी एक पाट वाहत असतो. त्याच्या कांठीं मेथेमोग्लोबिन दुरुस्त करूं शकणारें एक दुसरें विकरहि असतें; पण पाटापासून बिघडलेल्या लोहापर्यंत चारीच खणलेली नसल्यामुळें तें एरव्हीं जवळजवळ रिकामें बसून राहतें. मिथिलिन ब्लू शिरेंतून आंत गेला कीं ही चारी तयार होते. तें विकर रंगाला इलेक्ट्रॉन देतें. रंग बिनरंगी होतो. बिनरंगी रंग फेरिक लोहाला इलेक्ट्रॉन देतो. लोह फेरस होतें आणि रंग पुन्हां निळा होऊन पुढच्या खेपेला मोकळा होतो. दुधाच्या नळींत जंतूंनीं जें दिलें तें येथें पेशी देते. थोड्या रंगानें पुष्कळ काम होतें तें ह्यामुळेंच. डॉक्टर शरीराच्या दर किलो वजनास एक ते दोन मिलिग्रॅम एवढाच रंग पांच मिनिटांत सावकाश टोंचतात. नायट्रोबेंझिन चरबींत दडून राहतें आणि मागाहून पुन्हां रक्तांत येतें, म्हणून तशा रोग्याला बरें वाटूं लागल्यावरहि दवाखान्यांत ठेवून घेतात आणि गरज पडल्यास मात्रा पुन्हां देतात.

जो दलाल देऊं शकतो तो घेऊंहि शकतो. मात्रा फार वाढली, किलोमागें सात मिलिग्रॅमच्या पलीकडे गेली, तर न पालटलेला निळा रंग स्वतःच चांगल्या लोहाचे इलेक्ट्रॉन काढून घेऊं लागतो आणि जो रोग बरा करावयाचा तोच उत्पन्न करतो. दुसरी अडचण पाटाच्या उगमाची. ह्या दुसऱ्या पाटाला पाणी पुरविणारें एक विकर आहे. त्याचें लांबलचक नांव संक्षेपानें जी-सिक्स-पी-डी असें घेतात. कांहीं कुटुंबांत तें जन्मतःच उणें असतें. मुंबईच्या पारशी समाजांत ही उणीव बरीच आढळल्याचें १९६० नंतरच्या दशकांत दिसून आलें. अशा माणसाला मिथिलिन ब्लू दिला तर पाट कोरडा असल्यामुळें गुण येत नाहींच, उलट तांबड्या पेशी फुटूं लागतात. त्यांच्यासाठीं क जीवनसत्त्वासारखे सौम्य आणि सावकाश उपाय करावे लागतात. मनाच्या खिन्नतेवर ज्या कांहीं गोळ्या घेतल्या जातात त्यांच्याबरोबर हा रंग गेला तर मेंदूंत सेरोटोनिन फार सांचून प्राणावर बेतूं शकतें, असा इशारा अमेरिकेच्या औषध खात्यानें २०११ मध्यें दिला आहे.

हें सर्व सांगण्याचें कारण असें कीं, अलीकडे हेंच निळें पाणी शक्तिवर्धक थेंब म्हणून घरच्या घरीं घेण्याची हौस वाढली आहे, आणि त्यानें रक्तांतील लोह वाढतें अशी समजूत तिच्यामागें कोठेंतरी असते. मिथिलिन ब्लूच्या रेणूंत कार्बन, हायड्रोजन, नत्र, गंधक आणि क्लोरीन आहेत; लोहाचा एकहि अणु नाहीं. तो लोह आणीत नाहीं, असलेल्या लोहाला हरवलेला एक इलेक्ट्रॉन परत देतो. ज्याचें लोह बिघडलेलेंच नाहीं त्याला तो काय देणार? २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणांत महाराष्ट्रांतील निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या रक्तांत हिमोग्लोबिन कमी आढळलें. त्यांच्यापैकीं ज्यांना लोह कमी पडतें त्यांना लोहच पाहिजे, मग तें पालेभाजींतून मिळो कीं गोळींतून. उलट मेथेमोग्लोबिन झालेल्याला लोहाच्या गोळ्या देणें हेंहि तितकेंच व्यर्थ, कारण त्याच्याजवळ लोह पुरेसें आहे. मत्स्यालयासाठीं किंवा रंगकामासाठीं विकली जाणारी निळी भुकटी तर शिरेंत टोंचण्याच्या शुद्धतेची नसतेच.

रुग्णालयांत हें औषध देतांना नातलग दोन गोष्टींनीं घाबरून जातात. बोटाला लावलेलें प्राणवायुमापक यंत्र रक्तांतून लाल प्रकाश पाठवून मोजमाप करतें. मेथेमोग्लोबिन फार वाढलें कीं त्याचा कांटा, रोगी कसाहि असला तरी, पंचायशीच्या आसपास अडकून बसतो. आणि मिथिलिन ब्लू नेमका तोच लाल प्रकाश गिळणारा असल्यामुळें औषध शिरेंत जातांच आंकडा आणखी खालीं कोसळतो. रोग्याचे ओंठ सुधारत असतांना यंत्र मात्र तो बुडत असल्याचें सांगतें. कांहीं मिनिटांत आंकडा वर येतो. दुसरी गोष्ट लघवीची: ती हिरवी-निळी होते आणि दिवसभर तशीच राहूं शकते. काम झालेला रंग त्या वाटेनें बाहेर पडतो.